न वाचता पोचवण्याची विद्या

ईमेल आणि डिजिटल हस्तलेखन हे दोन विषय एकाच पुस्तकात कशाला, अशी शंका मुखपृष्ठ पाहताच वाचकाला येईल आणि ती रास्त आहे. पहिला विषय दळणवळणाचा, दुसरा लेखनाचा. दोघांची नशिबेही वेगळी. ईमेल १९७०च्या दशकात संशोधकांच्या प्रयोगशाळांतून निघाला आणि पंचवीस-तीस वर्षांत बँकेपासून विद्यापीठापर्यंत सगळीकडे जाऊन बसला. पडद्यावर पेनाने लिहिण्याची कल्पना त्याहून जुनी. पण ती दर काही वर्षांनी 'आता आलीच' म्हणून गाजायची आणि पुन्हा मागे पडायची. याचे नेहमीचे स्पष्टीकरण सोपे आहे: टंकलेला मजकूर यंत्राला सहज कळतो, माणसाचे अक्षर कळत नाही. हे खोटे नाही, पण अर्धेच आहे. ईमेलच्या यशाचा कळण्याशी फारसा संबंधच नव्हता. तो वाहून नेणाऱ्या यंत्रणेला पत्रातले एक अक्षरही कळत नव्हते, आणि कळण्याची गरज पडू नये अशीच तिची रचना होती. हस्तलेखनाच्या यंत्रांनी मात्र पहिल्या दिवसापासून वाचण्याचा हट्ट धरला, आणि तो सैल झाला तेव्हा कुठे ती कामाला आली. या दोन्ही क्षेत्रांत टिकले ते शोध असे, की ज्यांच्या कर्त्यांनी यंत्राने काय समजून घ्यायचे नाही हे आधी ठरवले. हे म्हणणे पुराव्यानिशी मांडणे आणि त्यावरच्या आक्षेपांना उत्तर देणे, एवढे या प्रस्तावनेचे काम.

गोष्ट संगणकाच्या आधीपासून सुरू होते. टेलिफोनच्या पेटंटवरून अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांच्याशी ज्यांचा वाद गाजला, त्या एलिशा ग्रे यांनी १८८८ साली 'टेलऑटोग्राफ' नावाच्या यंत्राचे पेटंट मिळवले. एका टोकाला माणूस पेन चालवी, त्या पेनाच्या हालचालींचे विजेच्या संकेतांत रूपांतर होई, आणि तारेच्या दुसऱ्या टोकाचे पेन त्याबरहुकूम हलून कागदावर तेच अक्षर उमटवी. मोर्सच्या तारेला लिपी आधी वर्णावर्णाने संकेतांत बसवावी लागे, आणि दोन्ही टोकांना ते संकेत जाणणारा माणूस लागे. ग्रे यांच्या यंत्राला यातले काहीच नको होते. अक्षर कोणते, चित्र कोणते, हे त्याला कळत नव्हते. म्हणूनच त्यातून आकडे जात, सही जाई, नकाशाही जाई. इंग्रजी लिहा की ग्रीक, त्याला सारखेच. मोडीतली चिठ्ठीसुद्धा त्याने तितक्याच इमानाने पोचवली असती. अमेरिकेतल्या बँकांत आणि रेल्वे स्थानकांत ही यंत्रे पुढे बरीच वर्षे वापरात होती. हस्तलेखन आणि संदेशवहन यांची गाठ इथे पडली ती अशी, वाचनाला पूर्ण फाटा देऊन. पुढे संगणकवाल्यांना हा धडा नव्याने शिकायला काही दशके लागली.

ईमेलच्या जन्माबद्दल वाद पुष्कळ आहेत, तेव्हा त्यांचा निकाल थोडक्यात लावलेला बरा. १९६५ साली एमआयटीत टॉम व्हॅन व्लेक आणि नोएल मॉरिस यांनी एकाच संगणकाच्या वापरकर्त्यांना एकमेकांसाठी निरोप ठेवता यावेत म्हणून एक आज्ञा लिहिली. १९७१ साली मॅसॅच्युसेट्समधल्या केंब्रिज शहरात, बीबीएन या कंपनीत, रे टॉमलिन्सन यांनी दोन तयार प्रोग्रॅम एकत्र आणले: एक निरोप लिहिण्याचा, दुसरा आर्पानेट या संशोधकांच्या संगणक-जाळ्यावरून फाइल धाडण्याचा. त्यातून एका यंत्रावरचा निरोप दुसऱ्या यंत्रावरच्या पेटीत जाऊन पडू लागला, आणि माणूस व यंत्र यांची नावे वेगळी दिसावीत म्हणून त्यांनी मध्ये '@' हे चिन्ह ठेवले. मुंबईत जन्मलेल्या शिवा अय्यादुराई यांनी १९७८च्या सुमारास, शाळकरी वयात, न्यू जर्सीतल्या वैद्यकीय विद्यापीठासाठी 'ईमेल' नावाचा प्रोग्रॅम लिहिला आणि १९८२ साली त्याच्या कॉपीराइटची नोंद झाली. या नोंदीच्या आधारे ईमेलचा शोध त्यांचाच, असा दावा केला जातो आणि आपल्याकडे तो अभिमानाने सांगितलाही जातो. त्या वयाच्या मुलाने कार्यालयातला अंतर्गत पत्रव्यवहार एका प्रोग्रॅममध्ये बसवला ही कौतुकाचीच बाब आहे. पण कॉपीराइट मिळतो तो लिहिलेल्या प्रोग्रॅमला, कल्पनेला नाही. आणि तोवर यंत्रायंत्रांतले निरोप सुरू होऊन सात वर्षे झाली होती, पत्राच्या मथळ्याचा आराखडा १९७७ सालीच प्रसिद्ध झाला होता. शिवाय 'पहिला कोण' या प्रश्नाच्या नादात खरे कळीचे शोध बाजूला पडतात. जॉन व्हिटल यांनी १९७५च्या सुमारास लिहिलेल्या 'एमएसजी' या प्रोग्रॅमचे नाव किती जणांनी ऐकले असेल? आलेल्या पत्राला तिथल्या तिथे, पत्ता पुन्हा न टंकता, उत्तर देण्याची आज्ञा त्यात होती. सुटे निरोप त्यामुळे संभाषणात गुंफले गेले. ही युक्तीही न वाचण्याचीच: मथळ्यातल्या 'कडून' या ओळीतला पत्ता उचलून 'प्रति' या ओळीत ठेवायला मजकूर समजावा लागत नाही.

ईमेलचा खरा पाया १९८२च्या ऑगस्टमध्ये घातला गेला. त्या महिन्यात दोन दस्तऐवज निघाले. जॉन पोस्टेल यांनी लिहिलेला आरएफसी ८२१ हा पत्र एका सर्व्हरकडून दुसऱ्याकडे कसे सोपवायचे याचा. डेव्हिड क्रॉकर यांनी लिहिलेला आरएफसी ८२२ हा पत्राचा मथळा कसा असावा याचा. दोन वेगळे दस्तऐवज असणे, हाच यातला मोठा शोध. पहिला पाकिटापुरता बोलतो, दुसरा आतल्या कागदाबद्दल, आणि पाकीट नेणाऱ्याने कागद पाहण्याचे कारण नाही. प्रत्यक्ष सोपवणूक कशी होते पाहा. पाठवणारा सर्व्हर आधी आपली ओळख देतो, मग कोणाकडून, कोणाला हे सांगतो आणि म्हणतो, आता मजकूर घ्या. मग ओळींमागून ओळी जातात. मजकूर संपला हे कसे कळायचे? एका ओळीवर फक्त एक टिंब आले की संपला. मग कोणी पत्रातच एका ओळीवर नुसते टिंब दिले तर? त्याचा अर्थ लावण्याच्या भानगडीत कोणी पडत नाही. मजकुरातली कोणतीही ओळ टिंबाने सुरू होत असेल तर पाठवणारा तिच्यापुढे आणखी एक टिंब लावतो आणि घेणारा ते काढून टाकतो. बस्स. चाळीस वर्षे उलटली, जगभरची पत्रे अजून या टिंबाच्या भरवशावर चालली आहेत. पाकीट आणि कागद वेगळे ठेवल्याचा आणखी एक परिणाम म्हणजे 'बीसीसी', म्हणजे गुपचूप पाठवलेली प्रत. पाकिटावर नाव आहे, कागदावर नाही, एवढेच तिचे रहस्य.

पण याच रचनेतून ईमेलचे सगळ्यात मोठे दुखणेही आले आहे, आणि पहिला आक्षेप तिथूनच येतो. कागदावर पाठवणाऱ्याचे नाव काहीही लिहा, वाहणारा तपासणार नाही. बँकेच्या नावाने येणारी खोटी पत्रे त्यातलीच. नको असलेल्या जाहिरातीही तशाच जुन्या: १९७८च्या मे महिन्यात गॅरी थर्क यांनी डिजिटल इक्विपमेंट या कंपनीच्या नव्या संगणकांची जाहिरात आर्पानेटवरच्या जवळपास चारशे जणांना एकदम पाठवली होती. मग न वाचणे हा गुण कसा? याचे उत्तर नंतरच्या सुधारणा कुठे झाल्या ते पाहिले की मिळते. पाठवणाऱ्या संस्थेने पत्रावर गणिती मोहोर उठवायची आणि ती खरी की खोटी हे पत्र पोचल्यावर घेणाऱ्या सर्व्हरने तपासायचे, ही 'डीकेआयएम' पद्धत २००७ साली प्रमाणित झाली. मधल्या सर्व्हरना त्यासाठी काहीच बदलावे लागले नाही. जाहिरातींची चाळणीही शेवटच्या टोकाला, घेणाऱ्याच्या पेटीजवळ बसली. म्हणजे वाचायचेच असेल तर ते कडेला, जिथे चूक झाली तर ती एका पेटीपुरती राहते आणि सुधारता येते. सगळ्या मार्गावर वाचणारी यंत्रणा उभी केली असती तर ती १९८२ सालच्या समजुतींत कायमची अडकून पडली असती. इथे एक खुलासा हवा: न वाचणे म्हणजे गुप्तता नव्हे. ज्या सर्व्हरवरून पत्र जाते त्याच्या व्यवस्थापकाने ठरवले तर तो ते उघडून पाहू शकतो. त्याने वाचल्यावाचून पत्र पुढे जाते, इतकाच इथे मुद्दा आहे.

हा मुद्दा देवनागरीच्या अनुभवावरून सर्वांत स्वच्छ दिसतो. १९८२ची यंत्रणा सात बिटांची, म्हणजे इंग्रजी वर्णमाला, आकडे आणि थोडी चिन्हे एवढ्यापुरती. त्यात मराठीला जागा नव्हती, फ्रेंचच्या मात्रांनाही नव्हती. दोन मार्ग होते. जगातल्या सगळ्या सर्व्हरना नव्या लिप्या शिकवायच्या, किंवा त्यांना काही न शिकवता काम भागवायचे. नॅथॅनिएल बोरेनस्टाइन आणि नेड फ्रीड यांनी १९९२ साली मांडलेल्या 'माइम' या प्रमाणाने दुसरा मार्ग धरला. मजकूर कोणताही असो, फोटो असो की आवाज, त्याचे बाइट तीन-तीनच्या गटांत घ्यायचे आणि प्रत्येक गट चार साध्या रोमन चिन्हांत लिहून काढायचा. आपला 'क' युनिकोडच्या यूटीएफ-८ रूपात तीन बाइटांचा असतो. माइमच्या बेस-६४ पद्धतीत त्याचे चार आकडा, के, एस आणि व्ही अशी चार चिन्हे होतात. देवनागरी पत्राचा कच्चा मजकूर कधी उघडून पाहिला तर चार, के, एस हीच चिन्हे पुन्हा पुन्हा भेटतात, कारण आपली बरीचशी अक्षरे संकेतांच्या त्याच मोहल्ल्यात राहतात. वाटेतल्या सर्व्हरला वाटते, हे इंग्रजी पत्र आहे, जरा विचित्र आहे इतकेच. तो ते पुढे देतो. वाटेतल्या कोणालाही देवनागरी न शिकवता मराठी पत्र पुण्याहून टोरांटोला जाऊ लागले ते यामुळे.

यावर जुने जाणकार म्हणतील, मग १९९०च्या दशकात आणि त्यानंतरही आमची मराठी पत्रे पलीकडे कचरा होऊन का पोचत होती? भारतात इंटरनेट १९९५च्या ऑगस्टमध्ये सर्वांसाठी खुले झाले आणि पुढची दहाएक वर्षे हा त्रास घराघरांत होता. एकाने एका कंपनीच्या फॉन्टमध्ये लिहायचे, दुसऱ्याकडे तो फॉन्ट नसला की पडद्यावर रोमन अक्षरांची आणि विचित्र चिन्हांची रांगोळी. पण दोष वाहतुकीचा नव्हता. ते बाइट जसेच्या तसे पोचत होते. त्या फॉन्टांनी इंग्रजी अक्षरांच्या जागी देवनागरीचे तुकडे बसवले होते आणि पत्रावरची चिठ्ठी मात्र 'हा मजकूर रोमन आहे' असे सांगत होती. न वाचता पोचवणाऱ्या व्यवस्थेत एकच अट असते: आत काय आहे हे सांगणारी चिठ्ठी खरी हवी. युनिकोड रुळल्यावर ती खरी झाली आणि रांगोळ्या संपल्या. देवनागरी युनिकोडात १९९१ सालच्या पहिल्या आवृत्तीपासून होती. उशीर झाला तो आपल्या फॉन्टवाल्यांकडून आणि कार्यालयांकडून, हे नमूद करायला हरकत नाही.

आता याच्या उलट बाजूचे उदाहरण घेऊ. पत्राचा मजकूर मराठीत जाऊ लागला, पण पत्ता? २०१४च्या ऑगस्टमध्ये '.भारत' ही देवनागरी क्षेत्रनावे सुरू झाली. हिंदीबरोबर मराठी आणि कोकणीही त्यांत होत्या. पत्त्यातला '@' नंतरचा भाग देवनागरीत असेल तर त्याला रोमनचा बुरखा घालता येतो: '.भारत'चे एक्सएन आणि दोन आडव्या रेघांनी सुरू होणारे रोमन रूप तयार होते आणि जुनी यंत्रणा ते मुकाट्याने स्वीकारते. '@'च्या आधीच्या भागाला, म्हणजे माणसाच्या नावाला, असा बुरखा नाही. त्यासाठीचे प्रमाण २०१२ साली आले. पण पत्र ज्या ज्या सर्व्हरमधून जायचे त्या प्रत्येकाला ते कळावे लागते. एकाने नकार दिला की पत्र परत. मोठ्या कंपन्यांनी २०१४पासून ते स्वीकारायला सुरुवात केली, तरी आजही देवनागरी ईमेल पत्ता बहुतेक संकेतस्थळांच्या फॉर्मवर 'चुकीचा पत्ता' म्हणून नाकारला जातो. मजकूर, क्षेत्रनाव आणि व्यक्तिनाव, तिन्हींची लिपी एकच, वापरणारे लोक तेच. जिथे वाटेतल्या कोणाला काही समजण्याची गरज नव्हती ते काम झाले. जिथे सगळ्यांना समजावे लागते ते रखडले. माझ्या म्हणण्याला याहून चांगली कसोटी मुद्दाम शोधून सापडली नसती.

हस्तलेखनाचा इतिहास या कसोटीवर लावला की त्यातल्या अपयशांचा अर्थ लागतो. सुरुवात दिमाखदार होती. १९६४ साली रँड कॉर्पोरेशनने बनवलेल्या पाटीवर दहा इंच लांब, दहा इंच रुंद जागेत दहा लाख बिंदू वेगळे ओळखता येत, आणि दोन-तीन वर्षांतच तिच्यावर लिहिलेली सुटी अक्षरे संगणक ओळखू लागला. मग सगळ्यांचे लक्ष ओळखण्याकडेच गेले. १९९३च्या ऑगस्टमध्ये ॲपलचे 'न्यूटन' बाजारात आले तेव्हा त्याची जाहिरातच ही होती: तुमच्या नेहमीच्या अक्षरात लिहा, ते वाचेल. आत रशियन संगणकतज्ज्ञांच्या 'पॅराग्राफ' या कंपनीचा ओळखणारा प्रोग्रॅम होता. तो शब्दकोशाच्या आधाराने चाले, त्यामुळे चुकला की अर्धवट चुकत नसे. लिहिलेल्या शब्दाच्या जागी दुसराच धडधाकट शब्द ठेवून देई. गॅरी ट्रूडो यांनी आपल्या 'डून्सबरी' या व्यंगचित्रमालेत त्याची अशी काही खिल्ली उडवली, की यंत्राचे नाव त्या थट्टेशी कायमचे जोडले गेले. पण प्रोग्रॅम कच्चा होता यापेक्षा मोठी चूक वेगळी होती. सुरुवातीच्या न्यूटनचा रिवाज असा, की शब्द ओळखून झाला की मूळ लिखाणाच्या जागी छापील शब्द येई. माणसाने काय लिहिले होते हे माणसालाही पाहायला उरत नसे. नंतरच्या आवृत्तीत शाई तशीच ठेवून ओळखण्याचे काम पुढे ढकलण्याची सोय आली, छापील अक्षरे ओळखणारा नवा प्रोग्रॅमही आला आणि तो चांगला होता. तोवर लोकांचे मत बनले होते. १९९८ साली ॲपलने न्यूटन बंद केला.

इथे एक खणखणीत आक्षेप आहे: पाम पायलट. १९९६ साली जेफ हॉकिन्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी काढलेले हे छोटे यंत्र वाचणारेच होते आणि ते तुफान खपले. त्याने न्यूटनचा प्रश्न उलटा सोडवला. यंत्राला माणसाचे अक्षर शिकवण्याऐवजी माणसाला यंत्राचे अक्षर शिकवले. 'ग्राफिटी' लिपीत बहुतेक अक्षरे एका रेघेची. रोमन 'ए'ची मधली आडवी रेघ गाळलेली, पेन उचलला की अक्षर संपले. कल्पना इतकी मोलाची होती, की एकरेघी लिपीचे पेटंट असलेल्या झेरॉक्सने १९९७ साली दावा लावला आणि तो २००६ साली सव्वादोन कोटी डॉलरवर मिटला. ग्राफिटीचे यश मी नाकारत नाही, पण ते कशाच्या मोबदल्यात आले ते पाहावे. यंत्राने समजण्याचे काम कमी करून घेतले आणि तेवढे ओझे माणसाच्या हातावर टाकले. सव्वीस वर्णांच्या लिपीत ते झेपते. बाराखडी, रफार, जोडाक्षरे यांना प्रत्येकी एकेक रेघ नेमायची म्हटली तर शिकणारा ती शिकेपर्यंत टंकलेखनाची परीक्षा पास होईल. पुढे अंगठ्याने टंकता येणारे छोटे कळफलक आले आणि इंग्रजीतही लोकांनी ग्राफिटी सोडली. हाताला मुरड घालायचीच तर ती कळफलकासाठी घातलेली काय वाईट, असा त्यांचा साधा हिशेब असावा.

दरम्यान एक तिसरा मार्ग फारसा गाजावाजा न होता तयार होत होता: शाई हीच माहिती मानायची. २००२ सालच्या मायक्रोसॉफ्टच्या टॅब्लेट पीसीवर लिहिलेली टिपणे शाई म्हणूनच राहत. यंत्र पाठीमागे आपले अंदाज बांधून ठेवी आणि ते फक्त शोधायच्या वेळी वापरी. अंदाज चुकला तर एखादे टिपण शोधात सापडणार नाही, पण ते बिघडणार नाही. २०११ साली 'इंकएमएल' हे शाई साठवण्याचे खुले प्रमाण आले. त्यात एक रेघ म्हणजे बिंदूंची माळ: पेन कुठे होते, हवे तर केव्हा होते, किती दाबाने होते. हे अक्षर कोणते याचे उत्तर तिथे सक्तीचे नाही. द्यायचे असेल तर ते टीप म्हणून बाजूला जोडायचे. टेलऑटोग्राफच्या तारेतून जे जात होते तेच इथे फाइलमध्ये बसले. २०१६पासून आयफोन आडवा धरून बोटाने लिहिलेला निरोप पाठवता येतो, आणि तोही रेघांच्या रूपातच जातो. मराठी लिहा, कन्नड लिहा, मिशी काढलेला चेहरा पाठवा. कंपनीने मराठी शिकण्याची वाट पाहावी लागत नाही.

शाई तशीच ठेवण्याचे मोल आपल्या लिपीत अधिक का, हे 'हिंमत' हा एक शब्द लिहून पाहिला तरी कळते. वाचणाऱ्याच्या डोळ्याला पहिली वेलांटी आधी दिसते, मग ह. युनिकोडमध्ये ह आधी आणि वेलांटी नंतर साठवली जाते. हाताचा क्रम तिसराच: कोणी वेलांटीचा दंड आधी ओढतो, कोणी ह काढून मग, म आणि त होतात, मग शब्दभर एक शिरोरेघ जाते, आणि अनुस्वाराचे टिंब बहुधा सगळ्यात शेवटी, तीन रेघा मागे जाऊन. घाईत लिहिणारे शिरोरेघ देतच नाहीत. पेन उचलला की अक्षर संपले, हा ग्राफिटीचा नियम इथे लागूच होत नाही, कारण शेवटची एक रेघ सगळ्या अक्षरांची मिळून असते. या अडचणीतून एक छान अर्धी वाट एचपीच्या बंगळूर इथल्या संशोधकांनी २००६च्या सुमारास काढली होती. त्यांच्या पाटीवर व्यंजने छापलेली असत. व्यंजनावर पेन टेकवून तिथेच मात्रा किंवा वेलांटी काढायची. व्यंजन कोणते हे जागेवरूनच ठरे. यंत्राला ओळखायच्या त्या फक्त मूठभर मात्रा. किती वाचायचे आणि किती वाचायचे नाही याचा इतका नेमका विचार फार थोड्या शोधांत दिसतो. ते यंत्र घराघरांत पोचले नाही, पण या पुस्तकात त्याला स्वतंत्र जागा मिळायला हवी होती असे मला वाटते.

शेवटचा आक्षेप आजचा आहे आणि तो टाळून चालणार नाही. यंत्रे आता वाचू लागली आहेत. गूगलने २०१५ साली काढलेली हस्तलेखनाची सोय ८२ भाषा आणि २० लिप्यांसाठी होती, आणि तेव्हापासून ओळख सुधारतच गेली आहे. मग शाई जपण्याचा आग्रह म्हणजे जुन्याची माया नाही का? दोन गोष्टी लक्षात घ्याव्यात. एक, या प्रगतीच्या मुळाशी असलेली गणिती युक्ती, ॲलेक्स ग्रेव्ह्ज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००६ साली मांडलेली, हीदेखील एक जुना हट्ट सोडूनच आली. त्याआधीचे प्रोग्रॅम शब्दाचे तुकडे करून हे एक अक्षर, हे दुसरे, असे आधी ठरवायला पाहत. नव्या पद्धतीने अक्षराची हद्द ठरवण्याचे कामच सोडून दिले. सगळी रेघ सलग पाहायची आणि शेवटी अक्षरांची माळ सांगायची. दुसरी गोष्ट साध्या हिशेबाची. शंभरातले अठ्ठ्याण्णव शब्द बरोबर ओळखणारा प्रोग्रॅम उत्तमच म्हणावा लागेल. पण शंभर शब्दांच्या पत्रात तो दोन चुका करील, आणि त्या दोन बहुधा माणसाचे नाव, गावाचे नाव किंवा औषधाचे नाव यांत असतील, कारण असेच शब्द त्याने कमी पाहिलेले असतात. अमेरिकेच्या टपाल खात्याने हे आधीच ओळखले होते. १९९०च्या दशकाच्या उत्तरार्धात बफेलो विद्यापीठातल्या सरगूर श्रीहरी आणि वेणू गोविंदराजू यांच्या केंद्राने बनवलेली प्रणाली तिथे हाताने लिहिलेले पत्ते वाचू लागली. ती फक्त पाकीट वाचे, वाचलेला पत्ता खात्याच्या यादीशी ताडून पाही, आणि खात्री नसली की पाकिटाचे चित्र माणसाकडे पाठवी. यंत्राने वाचावे ते असे: मर्यादित, पडताळता येईल इतके आणि मूळ हाताशी ठेवून.

महाराष्ट्रात या प्रश्नाचे एक मोठे काम पडून आहे ते मोडीचे. पुण्याच्या पुराभिलेखागारात आणि राज्यभरच्या दप्तरांत मोडी कागद अफाट आहेत आणि ते सराईतपणे वाचणारे लोक थोडे. जून २०१४मध्ये मोडीला युनिकोडात जागा मिळाली, म्हणजे वाचलेला मजकूर साठवायची सोय झाली. वाचायची झाली नाही. मोडीत पेन फारसा न उचलता अक्षर अक्षराला जोडत जाते, तेव्हा कोणती रेघ आधी आणि कोणती नंतर हे कळले तर ओळख बरीच सोपी होते. जुन्या कागदाने नेमकी तीच माहिती हरवलेली असते. उरते ते फक्त चित्र. पण मोडी आज शिकवली जाते, तिचे वर्ग भरतात, आणि शिकणाऱ्यांपैकी काही जणांच्या हातात टॅब्लेट आणि पेनही असते. त्यांनी गिरवलेली प्रत्येक ओळ काळाच्या क्रमासह, बिंदूंच्या माळेत साठवता येण्यासारखी आहे. त्यासाठी नवा शोध लागत नाही. प्रमाण तयार आहे, फाइल लहान असते, आणि सरावाच्या ॲपमध्ये इतकेच पाहावे लागते, की पेन उचलताच रेघांचे छापील अक्षर करून मूळ शाई पुसली जाणार नाही.